मार्चअखेरीची मुरलेली वाइन : इंदूरमध्ये जुनी रेड सवलतीत घेताना

बँकेत चौतीस वर्षं काढल्यामुळे मार्चअखेर म्हटलं की माझ्या पोटात अजून गोळा येतो. निवृत्तीनंतर मात्र कळलं, की इंदूरमध्ये त्याच आठवड्यात दारूच्या दुकानांचेही हिशेब मिटत असतात. मध्यप्रदेशात दुकानांचे ठेके १ एप्रिल ते ३१ मार्च असे चालतात. ठेका दुसऱ्याकडे जाणार असेल, तर जुना ठेकेदार शेवटच्या दिवसांत माल काढतो. बिअर आणि व्हिस्कीसाठी रांगा लागतात. मागच्या फळीवर धूळ खात पडलेल्या वाइनकडे कुणी बघत नाही, आणि आपल्याला बघायचं असतं ते तिकडेच.

तीन वर्षांपूर्वी मीही बघितलं. ह्यांच्या एकसष्टीसाठी एक ऑस्ट्रेलियन शिराझ (याच नावाच्या द्राक्षाची रेड वाइन) घेतली. वर्ष २०११, छापील किमतीहून चांगली आठशे रुपये कमी. गद्दीवरचा माणूस म्हणाला, "पुराना माल है मॅडम, वाइन तो जितनी पुरानी उतनी बढ़िया." मेलबर्नहून आलेल्या भाच्यासमोर थाटात बाटली उघडली. बूच अर्ध्यात तुटलं, आणि पेल्यातून उकडलेल्या मनुका आणि सोया सॉस यांचा मिळून वास आला. भाचा भला मुलगा. "मामी, इंटरेस्टिंग आहे," म्हणाला. बाटली दुकानाच्या दर्शनी काचेत, ट्यूबलाइटखाली, दोन उन्हाळे उभी होती हे मला नंतर कळलं. खरं तर मी रोज तिच्यासमोरूनच जात होते.

त्यानंतर चुकत-माकत जे शिकले ते इथे पायरीपायरीने लिहिते. पुण्या-नाशिकहून नव्याने इंदूरला आलेल्यांना नियमांचा भाग जास्त उपयोगी पडेल. जे इथलेच आहेत त्यांनी थेट दुसऱ्या पायरीवर जायला हरकत नाही.

१. आधी नियम

महाराष्ट्रात ज्याला उत्पादन शुल्क खातं म्हणतात ते इथे आबकारी. दारू घेण्याचं किमान वय २१. पांढरे केस असूनही मी ओळखपत्र जवळ ठेवते, कारण ठेवायला काही लागत नाही. दुकानं 'कंपोझिट' आहेत, म्हणजे देशी आणि विदेशी एकाच छताखाली. पुण्यातल्या नीटनेटक्या वाइन शॉपची सवय असेल तर पहिल्यांदा जरा दचकायला होतं. दुपारी अकरा-बाराला जा, गर्दी नसते. आणि बायकांनो, दुकानदार तुमच्याशी न बोलता सोबतच्या पुरुषाशी बोलेल. मी ह्यांना आता बाहेर स्कूटरपाशीच उभं करते.

जवळ काय असावं:

– वयाचा पुरावा
– मोबाइल, टॉर्चसह (बाटली तपासायला)
– वाचायचा चष्मा. पाठच्या लेबलवरची अक्षरं मुंगीएवढी असतात
– जाड कापडी पिशवी आणि एक जुना टॉवेल. एप्रिल-मेमध्ये गार पाण्यात भिजवून पिळलेला
– घेतल्यावर बिल; इथे सप्टेंबर २०२१ पासून दुकानाने बिल देणं बंधनकारक आहे, तरी ते मागून घ्यावं लागतं

बाटलीवर मध्यप्रदेश आबकारीचं स्टिकर आणि 'फक्त मध्यप्रदेशात विक्रीसाठी' अशा अर्थाचा छापील मजकूर असला पाहिजे. तो नसेल तर बाटली दुसऱ्या राज्यातून आलेली आहे. कितीही स्वस्त असली तरी परत ठेवा.

यातूनच पुढचा सापळा. नाशिकला वायनरीत गेलात, तिथे जुन्या वर्षाची चांगली बाटली मिळाली, म्हणून डिकीत टाकून धुळे-सेंधवा मार्गे इंदूरला आणली, असं करू नका. त्या बाटलीवरचा कर महाराष्ट्रात भरलेला असतो; परवान्याशिवाय ती बिजासन घाट ओलांडून इकडे आणणं हा आबकारीचा गुन्हा आहे. विमान कंपनी चोवीस टक्क्यांपेक्षा कमी अल्कोहोल असलेल्या बाटल्या सामानात नेऊ देते, त्यामुळे लोकांना वाटतं चालतं. विमान कंपनीचा नियम विमानापुरता, राज्याचा नियम राज्यापुरता. नाशिकची बाटली नाशिकलाच, मित्रांच्या घरी, गप्पा मारत संपवावी.

आणि बडोद्याच्या आत्याला दिवाळीची भेट म्हणून इथून बाटली नेण्याचा विचार ज्यांच्या डोक्यात येतो (आमच्या घरात तो दरवर्षी एकाच्या डोक्यात येतो), त्यांनी भाकरवडी परत आणावी आणि इथून सेव न्यावी. गुजरातेत दारूबंदी आहे. दाहोदच्या अलीकडे-पलीकडे गाड्या तपासतात.

उज्जैनला देवदर्शनाला गेल्यावर तिथल्या दुकानात डोकावू, हेही आता नाही. १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर धरून राज्यातल्या एकोणीस धार्मिक ठिकाणी दुकानं बंद झाली आहेत.

२. 'जुनी' वेगळी, 'मुरलेली' वेगळी

हा सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

लोणचं घ्या. कैरीचं लोणचं बरणीत, वर तेलाचा थर, दादरा बांधून, अंधाऱ्या कोपऱ्यात वर्षभर राहिलं की मुरतं. तेच लोणचं झाकण उघडं ठेवून ओट्यावर उन्हात वर्षभर ठेवा. तेही वर्षभर जुनंच आहे. खाणार का?

रेड वाइनमध्ये तुरटपणा असतो तो टॅनिनचा, द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि लाकडी पिंपातून आलेला. बाटली थंड, अंधाऱ्या आणि स्थिर जागी राहिली की हे टॅनिन हळूहळू एकमेकांना जोडत जातं, काही रंगासकट खाली बसतं. म्हणून जुन्या वाइनमध्ये साका दिसतो आणि चव मऊ होते. जांभळा रंग विटकरीकडे झुकतो. ताज्या जांभूळ-करवंदाचा वास जाऊन सुकं अंजीर, खारीक, कातडं, ओली माती असं काहीतरी येतं. याला वेळ लागतो आणि सुमारे १२ ते १५ अंशांची शांत जागा लागते. उष्णता मिळाली तर मुरत नाही, शिजते. तीस अंशांच्या वर बाटली महिनोन्‌महिने राहिली तर नुसत्या उकडलेल्या फळाचा वास उरतो. माझ्या एकसष्टीच्या बाटलीसारखा. आता इंदूरचा मे आठवा.

म्हणून लेबलवरचं वर्ष हा निम्मा पत्ता आहे. बाटली त्या वर्षांत कुठे राहिली हा उरलेला निम्मा, आणि पैसे खरे त्याचे द्यायचे असतात. वायनरी स्वतःच्या तळघरात बाटल्या राखून ठेवते आणि पाच-दहा वर्षांनी बाजारात आणते, त्याला 'सेलर रिलीज' किंवा 'म्युझियम रिलीज' म्हणतात. ते सहसा नव्या वाइनपेक्षा महाग असतं, कारण त्यात भाडं, वीज आणि अडकलेल्या भांडवलाचं व्याज धरलेलं असतं. बँकवाल्यांना हे लगेच कळतं. उलट एकाच नावाच्या वाइनची २०१६ ची बाटली २०२२ पेक्षा स्वस्त मिळत असेल, तर ती राखलेली नाही, न खपता पडून राहिलेली आहे. तशी बाटलीही चांगली निघू शकते. पण मग तपासणी आपल्यावर आली.

३. उष्ण प्रदेशातली कुठली रेड जुनी घ्यावी

सगळ्या रेड टिकत नाहीत. बहुतेक तर दोन-तीन वर्षांत पिऊन संपवायलाच केलेल्या असतात. टिकाव धरायला टॅनिन आणि आंबटपणा लागतो, आणि उष्ण प्रदेशाची अडचण नेमकी हीच: उन्हात द्राक्षात साखर भराभर वाढते, आंबटपणा उतरतो. साखर जास्त म्हणजे अल्कोहोल जास्त. १४-१५ टक्के सहज. अशी वाइन तरुणपणी दणदणीत लागते, पण आंबटपणाचा कणा नसेल तर वयाबरोबर बसते.

ऑस्ट्रेलियातलं बरोसा खोरं हे उष्ण प्रदेशातल्या शिराझचं माहेरघर. तिथे १८४३ साली लावलेल्या वेली अजून फळं देतात. जुन्या वेलींना घड कमी, रस दाट. बरोसाची चांगली शिराझ नीट ठेवली तर दहा-पंधरा वर्षं आरामात जाते. तिथली बरीच वाइन स्क्रू कॅपमध्ये येते, त्यामुळे बूच सुकण्याची भानगड नाही. उष्णतेची मात्र आहेच.

किमतीबद्दल एक माहिती. भारतात आयात वाइनवर १५० टक्के सीमाशुल्क लागत आलं आहे. २९ डिसेंबर २०२२ पासून ऑस्ट्रेलियाशी झालेल्या व्यापार करारात, पाच डॉलरपेक्षा महाग असलेल्या बाटलीवर ते १०० टक्क्यांवर आलं, पंधरा डॉलरवरच्या बाटलीवर ७५ टक्क्यांवर, आणि दहा वर्षांत आणखी उतरत जाणार आहे. हे डॉलर अमेरिकी, आणि आयातीच्या किमतीचे, दुकानातल्या नव्हेत. म्हणजे २०२२ च्या आधी आयात झालेली बाटली जास्त शुल्क भरून आलेली असते, आणि तिच्यावरची 'घसघशीत सूट' कधीकधी नव्या बाटलीच्या साध्या किमतीएवढीच भरते. तुलना करा.

स्पेनचा रिओहा हा वाइनचा प्रदेश सगळाच उष्ण नाही, पूर्वेकडचा भाग उष्ण आहे. त्याची गोष्ट निराळी यासाठी, की तिथे मुरवण्याचा काळ कायद्याने ठरलेला आहे. लेबलवर 'ग्रान रेसेर्वा' असेल तर किमान पाच वर्षं वायनरीत गेलेली, त्यातली निदान दोन ओकच्या पिंपात आणि दोन बाटलीत. 'रेसेर्वा' म्हणजे तीन वर्षं, निदान एक पिंपात. दुसऱ्याच्या तळघराचं भाडं दुसऱ्यानेच भरलेलं, असा हा प्रकार. आपल्याकडच्या किंवा ऑस्ट्रेलियाच्या लेबलवर 'रिझर्व्ह' लिहिलेलं असेल तर त्यामागे असा वर्षांचा नियम नाही, तो वायनरीचा शब्द.

भारतीय वाइन? नाशिकला वेलींची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरल्यावर गोडी छाटणी. त्यामुळे फळ हिवाळ्यात पिकतं आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडलं जातं. थंड रात्रींमुळे थोडा आंबटपणा राखला जातो. तरी माझा अनुभव सांगतो, की बहुतेक भारतीय रेड तीन-चार वर्षांत प्याव्यात. अपवाद वरच्या श्रेणीतल्या: सुलाची रासा, अकलूजकडच्या फ्रातेल्लीची सेत्ते, नंदी हिल्सच्या ग्रोव्हरची ला रिझर्व्ह. या पाच-सात वर्षांच्या मिळाल्या आणि बाटली निरोगी असली तर मी घेते. त्यापुढे नाही.

एक बारीक हिशेब: नाशिकची २०१९ म्हणजे फेब्रुवारीत तोडलेलं द्राक्ष, युरोपची २०१९ म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरचं. एकाच वर्षाच्या दोन बाटल्यांत अर्ध्या वर्षाचं अंतर.

आणि दुकानदार 'पुरानी वाइन' म्हणून गोड पोर्ट पुढे सरकवेल. ती गोड आणि कडक केलेली वेगळीच चीज आहे. गोव्याच्या आठवणी काढायला ठीक.

४. कुठे आणि केव्हा

मार्चचा शेवटचा आठवडा सांगितलाच. पण ३१ तारखेला जाऊ नका. त्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसते, आणि बाटली टॉर्च लावून बघणाऱ्या बाईला कुणी वेळ देत नाही. २० ते २५ मार्चच्या दरम्यान जा. आधी एकदा नुसतं जाऊन या, काय काय आहे ते लिहून आणा, घरी तुलना करा, मग परत जा. मॉलमधली आणि विजयनगर-पलासियाकडची दुकानं निवडीला बरी. आमच्या रामबागेच्या बाजूला वाइन मागितली की अजून 'कौन सी, लाल वाली?' असं विचारतात.

माझी आवडती वेळ खरं तर जानेवारी. सूट कमी मिळते, पण थंडीत बाटली घरी नेताना तापत नाही, आणि दुकानदाराला बोलायला वेळ असतो. नियमित गिऱ्हाईक झालात की तो स्वतः सांगतो, "मॅडम, गोदाम में दो पेटी रखी है, देखोगे?" गोदाम कुठे आहे, तळघरात की पत्र्याखाली, हे तेव्हाच विचारून घ्या. पत्र्याखाली असेल तर नको.

परदेशातून कुणी येत असेल तर तो सगळ्यात भरवशाचा रस्ता. भारतात येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते. म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या आरामात. दुबई किंवा मेलबर्नच्या विमानतळावर जुन्या वर्षांच्या बाटल्यांवर बऱ्यापैकी सवलती असतात, आणि त्या थंड जागेत ठेवलेल्या असतात. बिल बाटलीला रबराने बांधून ठेवायला सांगा आणि घरीही तसंच ठेवा. भाच्याने माझी २०११ पाहिल्यापासून तो दर वेळी न सांगता दोन आणतो. बहुधा पुन्हा ती प्यावी लागू नये म्हणून.

व्हॉट्सॲपवर, फेसबुकवर 'जुनी इम्पोर्टेड वाइन ६० टक्के सूट, घरपोच' असं दिसलं तर तिकडे लक्षच देऊ नका. दुकानाचं खरं नाव लावून खोटा मोबाइल नंबर टाकायचा आणि आगाऊ पैसे किंवा ओटीपी घ्यायचा, हा जुना धंदा आहे. पैसे गेलेच तर उशीर न करता १९३० या सायबर-फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मी बँकेत असताना अशी किती प्रकरणं पाहिली, आणि त्यातले निम्मे लोक लाजेपोटी दोन दिवसांनी आले होते.

५. काउंटरवर बाटली तपासा

इथे घाई नको. क्रमाने बघा.

पातळी. सरळ खांद्याची बाटली असेल तर वाइन मानेत असली पाहिजे. दहा वर्षांच्या आतल्या बाटलीत ती खांद्यापर्यंत उतरली असेल तर बूच गळतंय किंवा हवा घेतंय. उतरत्या खांद्याच्या बाटलीत बुचापासून मोजा. दोन-तीन सेंटिमीटर ठीक, पाचाच्या पुढे नको.

बूच. वरच्या वेष्टनावर अंगठा फिरवा. बूच वर आल्यासारखा उंचवटा लागला तर बाटली तापली होती. आतली वाइन फुगून बुचाला ढकलते. वेष्टनाच्या कडेला चिकट, काळसर डाग म्हणजे गळती. वेष्टन हलकेच फिरवून बघा. ते फिरत नसेल तर आत वाळलेली वाइन चिकटलेली असू शकते. एवढ्या एका गोष्टीने बाटली नाकारू नका, पण दुसरं काही दिसलं तर दोन्ही मिळून नाकारा.

रंग. मागून टॉर्च लावा, मानेत बघा, तिथे थर पातळ असतो. विटकरी चालेल. चहासारखा तपकिरी नको. तळाशी साका असेल तर घाबरू नका, तो चांगला. पण वाइन ढवळल्यासारखी गढूळ आणि तशीच राहणारी असेल तर नको.

लेबल. ऊन लागलेल्या बाजूचं लेबल फिकट पडतं. पुढचं फिकट आणि मागचं गडद असेल तर ती बाटली दर्शनी काचेतली. द्राक्षाच्या तोडणीचं वर्ष आणि कंपनी स्थापन झाल्याचं वर्ष यात गोंधळू नका. आमच्या ओळखीच्या एका जोशीकाकूंनी 'स्थापना' लिहिलेलं वाचून ऐंशीच्या दशकातली वाइन स्वस्तात मिळाल्याचा आनंद आठवडाभर साजरा केला होता. बाटलीत भरल्याची तारीख पाठीमागे असते, ती आणि वर्ष यांचा मेळ बसतो का तेही बघा.

शेवटी विचारा: ही आडवी ठेवली होती की उभी? बुचाची बाटली उभी राहिली की बूच सुकतं, आकसतं, हवा आत जाते. उत्तर खरं मिळेलच असं नाही. म्हणून मी विचारते, "इसके साथ की और बोतल है?" आणि ती मागच्या खोलीतून आणायला लावते. मागच्या खोलीतली, पेटीतली, अंधारातली बाटली दर्शनी बाटलीपेक्षा जवळजवळ नेहमीच बरी निघाली आहे.

६. सवलत किती खरी

मध्यप्रदेशात दोन किमती ठरलेल्या असतात, कमाल आणि किमान. दुकानदाराला या दोन्हींच्या मध्ये कुठेही विकता येतं. बाटलीवर छापलेली असते ती कमाल. त्यामुळे 'एमआरपीवर सूट' हा शब्द ऐकून हुरळू नका. किमान किंमत विचारा, दरफलक बघायला मागा, आणि त्याच्या जवळ किती येता येतं ते बघा. किमान किमतीच्याही खाली, निम्म्याने वगैरे देतो म्हणाला, तर तो नियम मोडतोय. मग बाटली खरी आहे का, स्टिकर खरं आहे का, हा प्रश्न पुढे उभा राहतो. मी तिथून निघते.

'तीन घ्या, एक फुकट' याला माझा कायम नकार. अनोळखी जुन्या वाइनची एकच बाटली घ्यायची. घरी उघडायची, चांगली निघाली तर दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या घ्यायच्या. यात कधी बाकीच्या विकल्या जातात. जाऊ द्या.

७. घरी आणताना आणि ठेवताना

दुकानातून थेट घरी. वाटेत छप्पन दुकान या इथल्या खाऊगल्लीत थांबून पोहे खाल्ले आणि बाटली स्कूटरच्या डिकीत तासभर तापली, तर दहा वर्षांच्या तळघराचं एका तासात पाणी. ओल्या टॉवेलात गुंडाळलेली बाटली पायाशी ठेवा.

घरी जागा शोधायची ती अंधाराची, न हलणारी, आणि ज्या खोलीत दिवस-रात्रीचं तापमान फार वर-खाली होत नाही अशी. माळव्याच्या रात्री गार म्हणून प्रसिद्ध, पण दुपारी तीनशे पावलं चालून बघा. आमच्या जुन्या घरात आजेसासूबाईंची लोणच्याची खोली आहे, उत्तरेकडची, जाड भिंतींची. तिथे मी शंभर-दोनशे रुपयांचा कमाल-किमान तापमान दाखवणारा थर्मामीटर टांगला. जानेवारीत १८, मेमध्ये ३१. म्हणजे जानेवारीत घेतलेली बाटली होळीपर्यंत तिथे राहू शकते, पुढे नाही. फ्लॅटमध्ये अशी खोली नसते. तिथे नियम सोपा: जुनी बाटली घेतली की महिन्याभरात उघडा. फ्रिजमध्ये काही आठवडे चालेल, आडवी, खालच्या कप्प्यात. महिनोन्‌महिने ठेवलीत तर तिथल्या कोरड्या हवेने बूच सुकतं. खरोखर साठवायची असेल तर छोटा वाइन फ्रिज घ्यावा लागेल. त्याची किंमत आणि आपण वर्षात किती बाटल्या पितो हा हिशेब मी केला, आणि थर्मामीटरवर समाधान मानलं.

८. उघडण्याचा दिवस

आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवा, साका तळाला बसतो. जुनं बूच साध्या पेचाच्या ओपनरने हमखास तुटतं. दोन पातळ पात्यांचा ओपनर मिळतो; पाती बुचाच्या दोन बाजूंनी सरकवून, पिळत पिळत बूच अख्खं वर येतं. माझ्यासाठी या छंदातली सगळ्यात चांगली खरेदी तीच.

काचेच्या जगमध्ये हळूहळू ओता, मानेखाली टॉर्च धरून. साका मानेत दिसला की थांबा. बूच तुटून तुकडे पडलेच, तर श्रीखंडाचा चक्का बांधायचं फडकं घ्या. मात्र ते साबणाचा वास राहिलेलं नसावं, नुसत्या गरम पाण्यात उकळून घेतलेलं हवं. तरुण वाइन तासभर उघडी ठेवतात, जुनीला पंधरा-वीस मिनिटं पुरे, नाहीतर आहे तो वासही उडून जातो.

'रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी' हे ज्यांनी लिहिलं त्यांची खोली एप्रिलमध्ये ३४ अंशांची नसावी. फ्रिजमध्ये ठेवून १६ ते १८ अंशांवर आणा. सोबत इंदुरी सेव ठेवू नका. तिखटावर १४-१५ टक्क्यांचं अल्कोहोल आणि टॅनिन पडलं की जीभ पेटते. मटण कमी तिखट करून, किंवा तुपातले बाफले (कणकेचे उकडून भाजलेले गोळे) वरणाशिवाय, किंवा नुसतं पनीर भाजून.

ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट वास आला तर तो बुचातला दोष, साठवणीचा नाही. त्याचं काही करता येत नाही. व्हिनेगरचा झोंबणारा वास आला तर हवा लागली. उकडलेल्या फळाचा आला तर तापली. बिल असेल तर दुकानात जाऊन सांगायला हरकत नाही. एकदा मला बदलून मिळाली, एकदा हसले. शिजलेली वाइन मटणाच्या रश्श्यात चालते. व्हिनेगर झालेलीत मी कांदे मुरवले होते, बरे लागले.

९. वही

लेबल कोमट पाण्यात भिजवून सोडवा आणि वहीत चिकटवा. खाली वर्ष, दुकानाचा भाग, किंमत, बाटली कुठल्या खोलीतली होती, आणि चव. वायनरीच्या पाठच्या लेबलवरच्या गोष्टींपेक्षा ही वही पुढच्या खरेदीला जास्त कामाची. रिकामी बाटली सुक्या कचऱ्यात. आमच्या गल्लीत गाडी सकाळी सातला येते आणि बाटल्या एकमेकींवर आपटल्या की शेजारच्या गॅलरीतून माना वळतात, म्हणून मी वर्तमानपत्रात गुंडाळून देते.

माझ्या वहीतलं शेवटचं पान: "रिओहा, ग्रान रेसेर्वा, २०१४. मागच्या खोलीतली, पेटीतून काढून दिली. बूच ओलं, अख्खं निघालं. सुकं अंजीर, थोडा तंबाखू. ह्यांनी दुसरा पेला मागितला. सकाळी अकराला परत गेले तर चारही संपल्या होत्या."